फवारणी पंपाचा लिथियम पॅक: लोड रेझिस्टर निवडतानाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, जालना

फवारणी पंपाचा नवा पॅक जुळून आला. ३२७०० आकाराचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे आठ सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तास. दोन-दोन सेल समांतर, आणि असे चार गट एकसरीत. एकूण १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तास, म्हणजे १५४ वॅट-तासांच्या आसपास. पंपासोबत आलेली शिशाची बॅटरी ८ अँपिअर-तासांची होती आणि वजनाला अडीच किलोच्या घरात जायची. हा पॅक डब्यासकट दीड किलोच्या आत बसतो. सोळा लिटरची टाकी पाठीवर घेऊन कपाशीच्या ओळींतून फिरणाऱ्या माणसाला एवढा फरक संध्याकाळी नक्की कळतो.

निकेल पट्ट्यांचं स्पॉट वेल्डिंग तालुक्याच्या एका दुकानातून करून घेतलं. बीएमएस, म्हणजे सेलांवर पहारा ठेवून वेळ पडली तर पॅक तोडणारं सर्किट, २० अँपिअरचा आहे. मल्टिमीटर लावला की १३.३ व्होल्ट दिसतात. पण मीटर पॅकमधून करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे एका ठिपक्यावर कशीबशी चिकटलेली पट्टीसुद्धा मीटरवर तेवढेच १३.३ दाखवते. पॅक कसा आहे ते भार टाकल्यावरच कळतं.

हा पॅक माणसाच्या पाठीमागे, औषधाच्या टाकीखाली बसणार आहे. तिथे काही तापलं, जळालं, तर आधी पट्टे सोडायचे, मग टाकी उतरवायची, आणि या गडबडीत अंगावर कीटकनाशक सांडायचं. म्हणून माझं ठरलं आहे: शेतात जेवढा भार पडेल त्याच्या दुपटी-तिपटीने तो इथे, शहाबादी फरशीवर चालवायचा. त्यात तो टिकला तरच पाठीवर. मृग लागायच्या आत हे काम हातावेगळं करायचं आहे.

पंप नेमका किती ओढतो ते डीसी क्लॅम्प मीटरने पाहिलं. जुन्या बॅटरीवर, नोझल उघडं असताना २.६ अँपिअर. चाप सोडला की प्रेशर स्विच मोटर बंद करतो, दाबला की मोटर पुन्हा उठते. उठताना क्षणभर ७ ते ८ अँपिअर जातात. फवारताना माणूस चाप सतत दाबतो-सोडतो, म्हणजे हा धक्का दिवसभर बसत राहतो. तेव्हा मला दोन भार हवेत: तासन्‌तास चालेल असा २ अँपिअरच्या वरचा, आणि काही मिनिटांसाठी ८-९ अँपिअरचा. भार म्हणजे रेझिस्टर: पॅकमधून करंट ओढायचा आणि त्याची उष्णता करायची.

१४ एप्रिल

हिशेब वहीत मांडला. ओहमचा नियम शाळेतलाच आहे: करंट म्हणजे व्होल्ट भागिले ओहम. किती ओहमचा रेझिस्टर हवा, हे एका ओळीत निघतं. खरी निवड असते वॅटची, आणि वॅट व्होल्टच्या वर्गाने वाढतात. त्यामुळे हिशेबाला १२.८ धरून चालत नाही, पॅक जास्तीत जास्त जिथे जाईल तो आकडा धरावा लागतो. चार गट, प्रत्येकी ३.६५, म्हणजे १४.६ व्होल्ट.

६ ओहम धरले तर १४.६ ला २.४३ अँपिअर आणि ३५.५ वॅट. १२.८ ला तेच २.१३ अँपिअर आणि २७.३ वॅट. व्होल्टमध्ये फरक चौदा टक्क्यांचा, वॅटमध्ये तीस टक्क्यांचा. ज्याने १२.८ वर हिशेब करून ३० वॅटचा रेझिस्टर आणला, त्याचा रेझिस्टर पूर्ण भरलेल्या पॅकला लावल्याबरोबर क्षमतेच्या वर जातो.

दुसरं म्हणजे, रेझिस्टरवर छापलेले वॅट ठरावीक परिस्थितीतले असतात: बहुतेकदा २५ अंश हवेत, आणि सोनेरी ॲल्युमिनियमच्या रेझिस्टरबाबत तर ठरावीक आकाराच्या धातूच्या पत्र्यावर बसवलेला असताना. आज दुपारी ओसरीवर ४० अंश होते. छापील आकड्याच्या निम्म्यापर्यंतच जायचं, आणि त्याच्या वर जायचं झालं तर हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) व पंखा लावूनच, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

१६ एप्रिल

घरात आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये काय काय मिळतं ते बघत होतो. लोड म्हणून लोक नाना वस्तू वापरतात, प्रत्येकीचा हिशेब करून ठेवतो.

पाणी तापवायचा रॉड, १००० वॅट. हा आकडा २३० व्होल्टचा. त्याचा रोध ५२.९ ओहम, १३ व्होल्टला पाव अँपिअरसुद्धा जात नाही, जेमतेम तीन वॅट. आपल्या कामाला निरुपयोगी. "हजार वॅटचा हीटर बॅटरीला लावला तर बॅटरी जळेल" असं पुतण्या म्हणत होता, त्याला हाच हिशेब करायला दिला. आकडा आल्यावर तो स्वतःच हसला.

मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब, १२ व्होल्ट ६०/५५ वॅट. स्वस्त, सहज मिळणारा, आणि चालू आहे की बंद हे डोळ्यांना दिसतं, हे त्याचे मोठे गुण. पण थंड फिलॅमेंटचा रोध तापलेल्याच्या साधारण एक दशांश असतो. ५५ वॅटच्या फिलॅमेंटचा तापल्यावर २.६ ओहम, म्हणजे थंड असताना पाव ओहमच्या आसपास. चालू करताना काही मिलिसेकंद चाळीस-पन्नास अँपिअरचा झटका बसतो आणि कित्येक बीएमएस त्यालाच शॉर्टसर्किट समजून बंद पडतात. मग बीएमएस कशाने पडला, पॅकमुळे की बल्बमुळे, हे शोधत बसावं लागतं. शिवाय व्होल्ट बदलले की बल्बचा रोधही बदलतो, त्यामुळे व्होल्टवरून करंट काढता येत नाही. पॅक जिवंत आहे का एवढंच बघायला बल्ब चांगला, मोजमापाला नाही.

शेगडीची कॉइल. ही मला मनापासून आवडते. नायक्रोम तार तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. १००० वॅटच्या कॉइलचे दहा सारखे तुकडे केले तर प्रत्येक ५.३ ओहमचा. शेगडीत लाल होताना प्रत्येक तुकडा १०० वॅट सोसत होता, आपल्याकडे १३.२ व्होल्टला त्याच्यावर ३३ वॅटच येतात, म्हणजे तो तापतो पण लाल होत नाही. अडचण दोन ठिकाणी. नायक्रोमला साधा शिसं-कथिलाचा डाग (सोल्डर) धरत नाही, म्हणून टोकं चिनीमातीच्या कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळावी लागतात. आणि सगळी तार उघडी असते, वरून एखादा पाना पडला तर थेट शॉर्ट. घरात लहान मुलं आहेत. म्हणून नाही.

पांढरे सिमेंटचे रेझिस्टर, १० वॅटचे. ५.६ ओहमचे चार घेऊन दोन-दोन एकसरीत आणि त्या दोन जोड्या समांतर लावल्या, तर एकूण पुन्हा ५.६ ओहमच राहतात आणि वॅट चौपट, म्हणजे ४० होतात. पण १४.६ ला येतात ३८ वॅट. छापील मर्यादेच्या अगदी काठावर. आणि हे रेझिस्टर काठावर चालवले की खालची फळी काळी पडते. दुप्पट नग घेतले तर चालेल, पण त्यांना हीटसिंकला नीट बसवता येत नाही.

उरले सोनेरी ॲल्युमिनियमचे, पंखांच्या कडा असलेले. त्यांना स्क्रूची भोकं असतात, ते हीटसिंकवर सपाट बसतात, आत तार सिरॅमिकवर गुंडाळलेली असते आणि बाहेरचं अंग विजेपासून वेगळं असतं. हेच घ्यायचे.

१९ एप्रिल

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळाले नाहीत, गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळाले. ६ ओहम, ५० वॅट. गाडीला एलईडी इंडिकेटर बसवले की ते भराभरा लुकलुकतात, तेव्हा जुन्या बल्बएवढा भार दाखवायला हेच लावतात. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, कोणत्या गाडीला?" म्हटलं, "गाडीला नाही, फवारणीच्या पंपाच्या बॅटरीला." त्यांनी चार नग काढून दिले आणि सांगितलं, "प्लास्टिकवर बसवू नका, वितळवतात." ही सूचना त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी किती जण पाळतात कोण जाणे, पण सांगतात हे चांगलं आहे.

६ ओहमचे चार असले की जुळणीला भरपूर वाव मिळतो:

एकच लावला: ६ ओहम, १३ व्होल्टला २.१७ अँपिअर.
दोन समांतर: ३ ओहम, ४.३ अँपिअर.
चारही समांतर: १.५ ओहम, ८.७ अँपिअर.
दोन-दोन एकसरीत आणि जोड्या समांतर: पुन्हा ६ ओहम, २.१७ अँपिअर, पण प्रत्येकावर एकूण वॅटचा एक चतुर्थांशच.

ही शेवटची जुळणी सगळ्यात कामाची. १३ व्होल्टला एकूण २८ वॅट, प्रत्येक रेझिस्टरच्या वाट्याला सात. हीटसिंकला याने काही फरक पडत नाही, त्याला अठ्ठावीसच वॅट हवेत सोडायचे आहेत. फरक पडतो आतल्या तारेला. ५० वॅटच्या रेझिस्टरवर सात वॅट म्हणजे पंखा बंद पडला, दुपार तापली, तरी हा संच तासन्‌तास सुरक्षित राहतो. क्षमतेची लांब चाचणी याच जुळणीवर करणार.

२० एप्रिल

रेझिस्टरची खरी किंमत मोजली. साध्या मल्टिमीटरवर ६ ओहम मोजताना त्याच्या वायरींचेच ०.२-०.३ ओहम मिसळतात, त्यामुळे तो आकडा घेतला नाही. बेंच सप्लायवर (व्होल्ट आणि करंट हवे तेवढे ठरवता येतात असा टेबलावरचा वीजपुरवठा) करंट बरोबर १ अँपिअर बांधला आणि रेझिस्टरच्या पायांवर व्होल्ट मोजले. १ अँपिअर असताना व्होल्टचा आकडा हाच ओहमचा आकडा. मिळाले ५.९४, ६.०८, ६.०२, ५.९७. चारही समांतर धरले तर १.५० ओहम, दोन-दोनच्या जुळणीत ६.००. पाच टक्के फरक चालतो असं लिहिलेल्या मालासाठी हे फार छान जमलं.

एकदा रोध पक्का कळला की वेगळा अँपिअर मीटर लागतच नाही. रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजा, सहाने भागा, करंट हातात.

२३ एप्रिल

जुन्या ॲम्प्लिफायरचा, पंखांसारख्या कडा असलेला मोठा हीटसिंक घरात होता. त्यावर भोकं पाडून आटे मारले, रेझिस्टरखाली थर्मल पेस्टचा पातळ थर दिला. पेस्ट जाड थापायची नसते; दोन धातूंमधल्या बारीक फटी भरण्यापुरतीच.

पहिली परीक्षा लोडची, पॅकला अजून हात लावला नाही. बेंच सप्लाय १४.६ व्होल्टवर ठेवला, करंटची मर्यादा ५ अँपिअर.

एक रेझिस्टर, ३५ वॅट, हवा ३६ अंश: अर्ध्या तासाने हीटसिंक ६१ वर स्थिरावला.
दोन समांतर, ७१ वॅट: ८१ अंश आणि तिथेच थांबला. पंखा सुरू केला तर ५३.

म्हणजे दर वॅटला साधारण ०.७ अंश वाढ. या एका आकड्यावरून पुढचं सगळं सांगता येतं. चारही लावले तर १४० वॅटच्या आसपास, म्हणजे पंख्याशिवाय हवेच्या वर नव्वद अंश किंवा जास्त. उन्हाळ्यात हीटसिंक १३० च्या वर. ते नको. चार समांतर फक्त पंखा सुरू असताना, आणि तेही मोजून पाच मिनिटं.

तापमान मोजायच्या पद्धतीबद्दल. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर तो भलतंच कमी सांगतो, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. आज सोनेरी अंगावर त्याने ४७ दाखवले. त्याच रेझिस्टरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवून तिथे धरला तर ७२. मल्टिमीटरचा थर्मोकपल टेकवला, ७३. म्हणजे ७२ हाच खरा. ४७ वर विश्वास ठेवून कोणी बोट टेकवलं असतं तर फोड आला असता.

२७ एप्रिल

जोडणी. पॅकच्या धन टोकापासून हाताच्या एका वितीच्या आत फ्यूज. गाडीतला निळा, १५ अँपिअरचा. फ्यूज लोडपाशी लावून उपयोग नाही, कारण मधल्या वायरीत शॉर्ट झालं तर ते फ्यूजच्या अलीकडे राहतं. सेलपासून बाहेरपर्यंतचा सगळा रोध ३० मिलिओहम धरला, तर शॉर्टमध्ये चारशेच्या वर अँपिअर जाऊ शकतात. बीएमएस ते थांबवेल, थांबवायलाच हवं, पण बीएमएसचीच परीक्षा चालू असताना त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची. स्विच गाडीतले, प्रत्येक रेझिस्टरला वेगळा, म्हणजे भार एकेक पायरी चढवता येतो. घरातला भिंतीवरचा स्विच वापरला नाही. एसीला प्रवाह दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, डीसीत तशी विझत नाही. लांब चाचणीसाठी कमी व्होल्टला तोडणारं रिले मॉड्यूल, ११.२ व्होल्टवर, म्हणजे दर सेलला २.८. बीएमएस २.५ ला तोडतो, पण तो शेवटचा पहारेकरी. रोजच्या कामाला त्याला उठवायचं नाही. मॉड्यूलमध्ये पुन्हा जोडायचे व्होल्ट मुद्दाम १३.६ ठेवले. भार सुटला की पॅकचे व्होल्ट आपोआप वर येतात. पुन्हा जोडायचा आकडा जवळ असला तर रिले टकटक वाजत राहतो, त्याचे संपर्क जळतात आणि पॅक थेंबाथेंबाने रिकामा होत जातो. रिलेवर ३० व्होल्ट डीसीला १० अँपिअर लिहिलं आहे, म्हणून त्याच्यातून फक्त २ अँपिअरची चाचणी. मोठा भार हाताने आणि समोर उभं राहून.

गटवार व्होल्ट मोजायला सेलच्या प्रत्येक सांध्यापासून एक, अशा पाच बारीक तारा बाहेर काढल्या. प्रत्येक तारेत सेलला लागूनच १ किलोओहमचा छोटा रेझिस्टर. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम, त्यामुळे मोजमापात एक मिलिव्होल्टचाही फरक पडत नाही; पण दोन तारा एकमेकींना चुकून टेकल्या तर काही मिलिअँपिअरच जातात. चार-आठ आण्यांच्या या रेझिस्टरसारखा स्वस्त विमा दुसरा नाही.

जागा: ओसरीबाहेर, सावलीत, शहाबादी फरशीचा तुकडा, बाजूला वाळूची बादली. लोड आणि पॅक यांच्यात हातभर अंतर. हीटसिंकची गरम हवा पॅकवर जाता कामा नये.

३ मे

पॅक भरून रात्रभर विसावू दिला. चार्जरवरून काढल्या काढल्या जे व्होल्ट दिसतात ते काही मिनिटांत उतरतात, त्यावर मोजमाप करण्यात अर्थ नाही.

विसावलेले गट: ३.३३२, ३.३३१, ३.३३३, ३.३३२.

एक स्विच, मग दुसरा, तिसरा, चौथा. पंखा सुरू. चारही लागल्यावर दहा सेकंदांनी लोडवर १२.८८ व्होल्ट, म्हणजे ८.६ अँपिअर, ११० वॅट.

गट: ३.२८१, ३.२८०, ३.२३०, ३.२८१.

तिसरा गट बघा. बाकीचे ५१ मिलिव्होल्ट उतरले, हा १०३. अंतर्गत रोध काढला तर बाकीच्यांचा ५.९ मिलिओहम, याचा १२. बरोबर दुप्पट. दोन समांतर सेलांपैकी एकच सेल काम करत असेल तर असंच दिसतं.

एकाच रेझिस्टरवर, २.२ अँपिअरला, हाच फरक १३ मिलिव्होल्टचा असता आणि पॅकच्या एकूण व्होल्टमध्ये तर दिसलाच नसता. पंपही चालला असता, नेहमीसारखा. तिसऱ्या गटातला एक सेल दोघांचा भार ओढत राहिला असता, आणि हंगामाच्या मध्यावर केव्हातरी पॅक अर्ध्या वेळात बंद पडायला लागला असता. मोठ्या लोडचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

पाच मिनिटं चालवून थर्मोकपल फिरवला. तिसऱ्या गटातला एक सेल जवळपास दोन अंशांनी वर गेलेला, शेजारचा अगदी सुरुवातीइतकाच. थंड राहिलेला सेल हाच बसून राहिलेला.

५ मे

आवरण सोडलं. थंड सेलच्या ऋण टोकाकडची पट्टी वरून छान दिसते, वेल्डचे चारही ठिपके जागच्या जागी. पण प्लास्टिकची पातळ पट्टी खाली सारली तर ती आरपार गेली. ठिपके निकेलवर उमटले होते, सेलवर बसलेच नव्हते.

इथे एक गोष्ट महत्त्वाची. तो सेल चार्जही झालेला नाही. त्याचे व्होल्ट ३.२९, शेजाऱ्याचे ३.३३. आकड्यात फरक किरकोळ दिसतो, पण या रसायनात मधल्या टप्प्यात व्होल्ट जवळजवळ सपाट असतात. एवढ्याशा फरकामागे निम्मी क्षमता दडलेली असू शकते. म्हणून तो सेल एकटाच बेंच सप्लायवर ३.६५ व्होल्टला, २ अँपिअरने पूर्ण भरला, नंतर शेजाऱ्यालाही तसंच भरलं, दोघांना विसावू दिलं, आणि मगच पट्टी पुन्हा वेल्ड करून आणली. या वेळी तिथे उभा राहून प्रत्येक ठिपक्यानंतर पट्टी चिमट्याने ओढून पाहिली. बाकीच्या सातही सेलांच्या पट्ट्या तशाच तपासल्या. त्या घट्ट आहेत.

८ मे

तोच भार, तीच वेळ. गट: ३.२८१, ३.२८०, ३.२८०, ३.२८१. चारही सारखे. सेलांच्या टोकांवर बेरीज १३.१२, लोडवर १२.९३. मधले ०.१९ व्होल्ट बीएमएस, वायर, फ्यूज आणि स्विच मिळून खातात; २२ मिलिओहम. पंपाच्या २.६ अँपिअरला हे फक्त ०.०६ व्होल्ट होतात. पुरेसं चांगलं.

११ मे

क्षमतेची चाचणी. दोन-दोनची जुळणी, ६.०० ओहम. ऊन चढायच्या आत, सकाळी सातला सुरू.

७:०० १३.२८
८:०० १३.०८
९:०० १३.०२
१०:०० १२.९६
११:०० १२.८६
१२:०० १२.६३
१२:२६ ११.२, रिले सुटला.

लोह-फॉस्फेटचा पॅक आणि साधा रेझिस्टर यांची जोडी इतकी चांगली का जमते ते या आकड्यांत दिसतं. पहिल्या पाच तासांत करंट २.२१ वरून २.१० वर आला, एवढाच. महागड्या इलेक्ट्रॉनिक लोडशिवाय जवळजवळ स्थिर करंट मिळतो. मोबाइल-लॅपटॉपच्या जातीचे सेल असते तर ४.२ पासून ३ पर्यंत उतरताना करंट तीस टक्क्यांच्या आसपास घसरला असता, आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहून घ्यावा लागला असता.

तासागणिक सरासरी काढून बेरीज केली: ११.७ अँपिअर-तास, १५१ वॅट-तास. लेबलवर १२. पंपाच्या २.६ अँपिअरला साडेचार तास, तेही मोटर अखंड चालली तर. रिले सुटायच्या क्षणी गट २.८६, २.८०, २.७५, २.८४. तिसरा जरा मागे, पण काळजीचं कारण नाही. पाच मिनिटांनी पॅक स्वतःच १२.३ वर आला होता.

हीटसिंक दिवसभरात ५९ अंशांच्या वर गेला नाही, पंखा बंद असताना. पॅक हवेपेक्षा अंश-दीड अंशाने गरम, बस.

१८ मे

मावसभाऊ त्याच्या ई-सायकलचा ४८ व्होल्टचा पॅक घेऊन आला. "दादा, तुझ्या पेटीला लावून बघ ना, किती उरलाय कळेल." पेटीला, म्हणजे या रेझिस्टरच्या लोडला, लावू दिला नाही. तेरा सेलांचा पॅक भरल्यावर ५४.६ व्होल्ट असतो. माझ्या ६ ओहमच्या एका रेझिस्टरवर ते पडले तर ९ अँपिअर आणि ४९७ वॅट, ५० वॅटच्या वस्तूवर. काही सेकंदांत आतली तार तुटेल किंवा अंग फुटेल.

तेच चार रेझिस्टर एकसरीत लावले तर २४ ओहम, २.२७ अँपिअर, एकूण १२४ वॅट, प्रत्येकी ३१. म्हणजे प्रत्येक रेझिस्टरला पुन्हा साडेतेरा व्होल्टच दिसतात, जणू आपलाच पॅक. रेझिस्टर पुरतील, पण हीटसिंकला पंखा हवाच, आणि माझा फ्यूज ३२ व्होल्टचा आहे, स्विच १२ व्होल्टचे. ५४ व्होल्ट डीसीला हे वितळले तरी ठिणगी धरून ठेवू शकतात. त्याच्यासाठी ५८ व्होल्टचा फ्यूज आणि डीसीचा एमसीबी लावून वेगळी फळी करायची. त्याला तसं सांगितलं, सामानाची यादी लिहून दिली. तो थोडा हिरमुसला, पण यादी घेऊन गेला.

पेटीच्या झाकणावर आज मोठ्या अक्षरांत रंगवलं: "फक्त १२ व्होल्टच्या पॅकसाठी. कमाल १४.६. चार स्विच असताना पंखा चालू, पाच मिनिटं."

१ जून

पॅक पंपात बसवला, टाकीत साधं पाणी. फवारणीला येणाऱ्या मामांनी पाठीवर घेऊन अंगणात आणि मागच्या वाफ्यांत चालवला. चाप दाबताना-सोडताना बीएमएस एकदाही पडला नाही. टाकी संपल्यावर पॅक ३९ अंश, हवा ३८. मामा म्हणाले, "हलका झालाय, पण नोझलचा जोर आधीपेक्षा जास्त वाटतो." वाटतो तो खरा आहे: शिशाची बॅटरी चालताना १२ च्या खाली उतरायची, हा पॅक बराच वेळ १३ च्या जवळ राहतो. जोर वाढला की थेंब बारीक होऊन वाऱ्याने उडतात, म्हणून दाबाचा नॉब कमी करून दिला आणि खूण करून ठेवली. वारा असेल तेव्हा नॉब त्या खुणेच्या पुढे नेऊ नका, असं त्यांना दोनदा सांगितलं. मास्क आणि हातमोज्यांची नवी जोडी सोबत दिली.

काकांना असाच दुसरा पॅक हवा आहे. सेल मागवले. या वेळी वेल्डिंग झाल्या झाल्या, आवरण चढवायच्या आधीच चार रेझिस्टरवर गटवार उतार मोजायचा. चारही गटांचा आकडा ६ मिलिओहमच्या आसपास आला तरच पुढे.